रोमकॉममध्ये शेवटी जोडी जमलीच पाहिजे? नाही!

फिल्मच्या मुलामुलींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की शेवटी हिरो हिरोईन एकत्र आले नाहीत तर तो रोमकॉम, म्हणजे रोमँटिक कॉमेडी, नाहीच, आणि खूप जण त्यापायी चांगली स्क्रिप्ट मोडून शेवटी मिठी घुसडतायत, म्हणून लिहितोय. हे खरं नाही.

१९५३ चा 'रोमन हॉलिडे' बघा, ऑड्री हेपबर्न राजकन्या, ग्रेगरी पेक पत्रकार. शेवटी प्रेस कॉन्फरन्स, ती एकेका पत्रकाराशी हात मिळवत त्याच्यापर्यंत येते, सगळ्यांसमोर, त्यामुळे दोघांना औपचारिक दोन शब्दच बोलता येतात, मग ती निघून जाते आणि तो त्या रिकाम्या मोठ्या हॉलमधून एकटा चालत बाहेर येतो. बस्स. तरी रोमकॉमच! 'ॲनी हॉल' (१९७७) मधेही जोडी तुटतेच.

मला वाटतं जॉनर, म्हणजे फिल्मचा प्रकार, ठरतो तो दोघांमधल्या अडथळ्यातून विनोद निघतो का यावर. 'रोमन हॉलिडे'मध्ये ती ओळख लपवते, तो बातमीसाठी सोबत फिरतोय हे लपवतो, दोघंही खोटं बोलतायत आणि सगळी गंमत त्यातूनच येते. तुमच्या दहा मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये आधी हे आहे का बघा ना, शेवट नंतर ठरवा.