जळगाव-मुंबई पंचवीस मिनिटांत? हा हिशोबच चुकला आहे

"जळगाव-मुंबई विमानाचं अंतर फक्त ३५५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८५०. म्हणजे प्रवास २५ मिनिटांचा. तिकिटावर सव्वा तास छापून खान्देशच्या माणसाला फसवतात." हा मेसेज सध्या आमच्याकडे ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. शेजारच्या नानांनी तो खरा धरला आणि विमान सुटायच्या वेळेत दीड तास मिळवून परळच्या डॉक्टरांची वेळ घेतली. म्हणून हे लिहावं लागतंय.

३५५ हा आकडा बरोबर आहे. जळगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर तेवढंच भरतं. रेल्वेने ४२० होतात, कारण रूळ मनमाड-नाशिक करत कसाऱ्याच्या घाटाने खाली उतरतात. याच मेसेजच्या दुसऱ्या आवृत्तीत अंतर '१९२ किलोमीटर' दिलंय. ते किलोमीटर नाहीत, नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, गुणून बघा, ३५५ च येतात.

वेग मात्र साफ चुकला. ताशी ८५० हा मोठ्या जेटचा वेग. आपली धावपट्टी सुमारे १७०० मीटरची, त्यामुळे इथे येतं ते एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान. ते चांगलं उंचीवर गेल्यावरही ताशी ५०० च्या आसपासच उडतं. नुसता भागाकार केला तरी ४३ मिनिटं होतात.

आणि विमान काही भागाकाराने उडत नाही. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात बराच वेळ त्यातच जातो. त्यात मुंबई! तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. दिल्ली-दुबईहून आलेल्या मोठ्या विमानांच्या रांगेत आपलं एटीआरही उभं. नंबर लागेपर्यंत वळसा घ्यायचा, कधी हवेतच घिरट्या घालायच्या. खाली टेकल्यावरही जागेवर जाऊन थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

तिकिटावरची वेळ हे सगळं धरून असते: जळगावात विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंत. यात फसवणूक कुठे आली? भाडं काही मिनिटांवर लावत नाहीत. उलट वेळ कमी छापली असती तर रोजच उशीर झाला असता आणि आजारी माणसाचे हाल झाले असते.

नानांसोबत बसून पुन्हा बेरीज केली. सव्वा तास विमानाचा, अर्धा तास बॅग घेऊन बाहेर पडायला, तासभर टॅक्सीने परळ. पावणेतीन तास झाले. दवाखान्यात फोन करून वेळ दोन तास पुढे घेतली.