फ्रान्स आपल्यापर्यंत लंडनमार्गे येतो

मराठी पेपरात फ्रान्सची बातमी कधी लागते ते आठवून बघा. पॅरिसात गाड्या पेटल्या, रेल्वे बंद पडली, नाहीतर अतिउजव्या नेत्या ल पेन आता जिंकणारच अशी हवा झाली की लागते. मी आंतरराष्ट्रीय पानावर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे ही बातमी कशी तयार होते ते जवळून बघितलंय. लंडन-न्यूयॉर्कच्या वार्ताहराने पॅरिसात बसून आपल्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहायचं आणि आम्ही रात्री घाईघाईने त्याचं मराठी करायचं. त्याच्या वाचकाला काय रंजक वाटेल यावर आपला फ्रान्स ठरतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण या बातम्यांत जाळपोळ दिसते, पण सरकारं का पडतात ते दिसत नाही.

ऑक्टोबर 2025 चंच घ्या. पंतप्रधान लकॉर्न्यू यांनी रविवारी संध्याकाळी मंत्र्यांची यादी जाहीर केली आणि सोमवारी सकाळी, 6 तारखेला, राजीनामा दिला. चार दिवसांनी अध्यक्ष मॅक्राँनी त्यांनाच पुन्हा नेमलं. जगभर मथळे झाले ते गोंधळाचे आणि नाचक्कीचे. पण त्या रात्री घडलं काय? माजी अर्थमंत्री ब्रुनो ल मेर यांचं नाव यादीत बघून उजव्या रिपब्लिकन पक्षाचे नेते रतायो बिथरले. ते स्वतः त्याच यादीत गृहमंत्री होते! एका नावावरून सरकार कोसळलं, कारण 2027 ची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना मॅक्राँच्या शेजारी उभं राहणं कुठल्याच पक्षाला परवडत नव्हतं.

मूळ दुखणं जुनं आहे. जनरल द गॉल यांनी 1958 ची राज्यघटना केली तीच मुळी अध्यक्ष बळकट राहावा आणि संसदेतल्या पक्षांनी रोज सरकार पाडू नये म्हणून. त्यातलं कलम 49.3 सरकारला मतदान न घेता कायदा मंजूर करून घेऊ देतं. विरोधकांच्या हाती उरतो फक्त अविश्वास ठराव. 2000 मध्ये सार्वमत घेऊन अध्यक्षांची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली आणि 2002 पासून अध्यक्षापाठोपाठ लगेच संसदेची निवडणूक होऊ लागली. नव्या अध्यक्षाला बहुमत आपोआप मिळायचं. दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन चार गोष्टी सोडायच्या, चार मागून घ्यायच्या, ही सवयच त्या व्यवस्थेने मोडली. 2022 मध्ये मॅक्राँचं बहुमत गेलं तेव्हा पंतप्रधान बोर्न यांच्या सरकारने 49.3 चा आधार तब्बल 23 वेळा घेतला. निवृत्तीचं वय 62 वरून 64 करणारा कायदाही मार्च 2023 मध्ये असाच रेटला. लोक त्या वयावर जितके चिडले, तितकेच मतदान न झाल्यावर चिडले.

मग 9 जून 2024. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ल पेन यांच्या पक्षाला 31 टक्क्यांवर मतं पडली आणि मॅक्राँनी त्याच रात्री संसद विसर्जित केली. नव्या सभागृहात 577 जागा, बहुमताला 289 हवेत, आणि डावे, मॅक्राँवाले, ल पेनवाले असे तीन गट. एकही त्या आकड्याच्या आसपास नाही. पंतप्रधान बार्निए डिसेंबर 2024 मध्ये अविश्वास ठरावाने गेले (असं 1962 नंतर प्रथमच घडलं). त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बायरूंनी 44 अब्ज युरोंची काटछाट आणि दोन सार्वजनिक सुट्या रद्द करायचा बेत मांडला, स्वतःहून विश्वासमत मागितलं आणि 8 सप्टेंबर 2025 ला 364 विरुद्ध 194 मतांनी पडले. याला मी फ्रेंच माणसाचा भांडखोर स्वभाव म्हणणार नाही. वाटाघाटी करायला कधी शिकावंच न लागलेल्या व्यवस्थेचं हे फळ आहे.

आणि पॅरिसबाहेरचा फ्रान्स? 17 नोव्हेंबर 2018 ला पिवळी जाकिटं घातलेली माणसं गावाबाहेरच्या वाहतूक बेटांवर जमली. डिझेलवरचा कर हे निमित्त होतं. कॅमेरे मात्र पुढे पॅरिसातल्या शाँझेलिझे रस्त्यावरच्या धुराकडे वळले. त्याच हिवाळ्यात गावोगावच्या नगरपालिकांत तक्रारी लिहायला वह्या ठेवल्या होत्या. लोकांनी त्यांत हाताने लिहिलं. पेन्शन पुरत नाही, श्रीमंतांवरचा संपत्तीकर परत लावा, पोस्ट ऑफिस बंद करू नका. ज्यांनी त्या वाचल्या ते सांगतात की स्थलांतरितांचा विषय त्यांत फारसा नाही. अशा हजारो वह्या जिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत वर्षानुवर्षं पडून राहिल्या. ल पेन यांच्या मतदाराबद्दल लिहिणाऱ्या वार्ताहराने आधी तिथे जाऊन बसायला हवं होतं.

पॅरिसातल्या या अस्थिरतेचे धक्के लांब पोचतात. पॅरिसपासून सुमारे 17,000 किलोमीटरवरच्या, फ्रान्सच्याच ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर मे 2024 मध्ये मतदारयादीवरून दंगल उसळली, माणसं मेली. ज्या घटनादुरुस्तीवरून हे झालं, ती पुढच्याच महिन्यात संसद विसर्जित झाल्याने लटकली. इकडे फ्रान्सचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 110 टक्क्यांच्या वर गेलंय. सप्टेंबर 2025 मध्ये फिच या पतमानांकन संस्थेने पत कमी केली आणि फ्रान्सला इटलीइतकं व्याज मोजायची वेळ आली. युक्रेनला मदत असो की युरोपचं संरक्षण, तिजोरी रिकामी असलेल्या सरकारच्या शब्दाला वजन किती राहणार?

आपलं काय अडलंय, असं विचारणाऱ्यांनी राजापूर तालुक्यात जाऊन यावं. जैतापूरच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण 9,900 मेगावॉटचा करार 2010 मध्ये तेव्हाचे फ्रेंच अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा पुढे सरकला. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेलीच्या जमिनी गेल्या, 2011 मध्ये नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला. ज्या कंपनीबरोबर तो करार झाला ती फ्रेंच कंपनी अरेवा तोट्यात बुडाली आणि काम ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे आलं. ही ईडीएफ 2023 पासून संपूर्ण फ्रेंच सरकारच्या मालकीची आहे. त्यांच्या स्वतःच्या, फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलच्या भट्टीची वीज बारा वर्षं उशिरा, डिसेंबर 2024 मध्ये ग्रीडला मिळाली. पॅरिसात अर्थसंकल्प अडकतो तेव्हा या कंपनीचा मालकच अडकतो. जैतापूरच्या बाजूने असा की विरोधात, ही माहिती माडबनच्या माणसाला मराठीत मिळायला हवी. ती आजही मिळत नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून, आलियाँस फ्राँसेजमधून दरवर्षी किती मुलंमुली फ्रेंच शिकून बाहेर पडतात! बहुतेक कंपन्यांचे कागद भाषांतरित करतात. एप्रिल 2027 ची निवडणूक एखाद्या मराठी पेपरने त्यांच्यातल्या एकीला थेट फ्रेंचमधून लिहायला द्यावी. ल मोंद हे फ्रेंच दैनिक वाचून, संसदेचं कामकाज ऐकून, जमलं तर लहान गावांत हिंडून. तुमच्यापैकी कुणी हे करायला तयार असेल तर इथेच खाली लिहा. संपादकांशी बोलायचं काम माझं.