त्या पोराला एकदा निवांत शूट तरी करू द्या!

परवा १५ डिसेंबर २०२५ उलटला आणि एनबीए बास्केटबॉलमध्ये झालं सुरू. उन्हाळ्यात करारावर सह्या केलेल्या खेळाडूंचे ट्रेड, म्हणजे संघासंघांतली अदलाबदल, खुले झाले की या अफवावाल्यांच्या अंगात येतं. आज सकाळी दाढी करताना फोन वाजला. आमच्या लेकर्स संघाला विंग (कडेने खेळणारा खेळाडू) हवाय म्हणे, बदल्यात द्यायच्या पॅकेजमध्ये अमुक, तमुक आणि आमचा शूटर डाल्टन कनेक्ट. कायम शेवटी. भाजीवाल्याने पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकावी तसं त्याला प्रत्येक पॅकेजमध्ये टाकतात. सूत्रांच्या हवाल्याने! कोण रे ही सूत्रं? झोपत नाहीत का कधी?

बरं, बातमी आली ती आली. दहाव्या मिनिटाला आमच्या ग्रुपवरचा महाभाग हजर. नाव घेत नाही, तो हे वाचणार आहे. म्हणतो, "कॉन्फिडन्सच नाहीये रे त्याच्यात, देऊन टाका." खाली हात जोडलेली इमोजी. मी अर्धी दाढी तशीच ठेवून ओल्या हातांनी टाईप करायला लागलो. तर याचा लगेच दुसरा मेसेज: "भावा, हा बिझनेस आहे. इमोशनल होऊ नको."

इमोशनल? गेल्याच महिन्यात जडेजाला चेन्नईने राजस्थानला दिलं, तेव्हा या इसमाने डीपी काळा केला होता. स्टेटसवर रडगाणी. चहाला बोलावलं तर "मूड नाही." तेव्हा नव्हता का बिझनेस? तुमचा जडेजा तो दैवत, आमचा तो फिलर?

कॉन्फिडन्स नाही म्हणे. कुठून आणायचा? २०२५ च्या फेब्रुवारीत काय केलंत आठवतंय का? शार्लट संघाचा मार्क विल्यम्स हवा म्हणून कनेक्टला तिकडे दिलं. सोबत कॅम रेडिश, वर २०३१ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची निवड) पहिल्या फेरीचा पिक. पोराला बॅग भरायला लावली. दोन-तीन दिवसांत विल्यम्स मेडिकलमध्ये अडकला, ट्रेड रद्द, आणि तोवर ट्रेडची डेडलाईन उलटून गेलेली. मग कनेक्टला सांगितलं, ये परत, बस त्याच खुर्चीवर. ज्यांनी हाकललं त्यांच्याशीच सकाळी हसून हाय-फाय करायचे. प्लेऑफमध्ये मिनेसोटासमोर जवळजवळ बसवूनच ठेवला. ज्याला नाकारलं तो विल्यम्स पुढे फिनिक्सला गेला, ते वेगळंच. आणि आता विचारताय, शॉट घेताना कचरतो का? चार मिनिटांसाठी उतरवता, पहिला थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) रिमला लागून बाहेर आला की पोरगं मान वळवून बेंचकडे बघतं, आता उठवतात की काय म्हणून. शूटरने रिंगकडे बघायचं असतं हो!

मी विसरलेलो नाही. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, त्यामुळे सुट्टी. आई तयार होऊन दारात उभी, "रांग वाढेल रे", आणि इकडे युटाविरुद्ध हा पठ्ठ्या एकामागून एक थ्री टाकतोय. ३७ पॉइंट, ९ थ्री, रूकीच्या (पहिल्याच सीझनच्या खेळाडूच्या) थ्रीच्या विक्रमाशी बरोबरी! तेव्हा हाच ग्रुप म्हणत होता, ड्राफ्टमध्ये सतराव्या नंबरवर लॉटरी लागली. कोलोरॅडोच्या ज्युनियर कॉलेजातून खेळत खेळत टेनेसीला पोचलेला, तेविसाव्या वर्षी ड्राफ्ट झालेला पोरगा. कोणी आयतं ताट वाढून ठेवलं नव्हतं त्याला.

बचाव कच्चा आहे, मान्य. समोरचे त्यालाच शोधून खेळतात, तेही दिसतं मला, डोळे आहेत. पण कोच कोण आहे? जेजे रेडिक! स्वतः अकरावा पिक, स्वतः शूटर, आणि ऑरलँडोत पहिली दोन वर्षं बहुतेक बाकावरच घालवलेला. पुढे पंधरा सीझन खेळला. सासूला सून असतानाचं काही आठवत नाही हेच खरं.

आणि या अफवांची लायकी तरी काय? स्टार लुका डोन्चिच लेकर्सकडे आला, या शतकातला सगळ्यात मोठा ट्रेड, त्याची कुजबुज होती का कुठे? रविवारी सकाळी पोहे खाताना बातमी आली तर जगाला वाटलं अकाउंट हॅक झालं. ज्यांना तो हत्ती दिसला नाही, त्यांना बेंचवरच्या आठव्या-नवव्या माणसाचं भवितव्य रोज दिसतं. त्याआधी लेकर्सच्याच डीअँजेलो रसेलचंही हेच. २०२४ च्या जानेवारीत रोज अटलांटाला पाठवत होते. गेला नाही, मार्चमध्ये मिलवॉकीविरुद्ध ४४ पॉइंट ठोकले, आणि मग डिसेंबरात पाठवलाच ब्रुकलिनला. एकदाचे गप्प बसले, तर नवीन गिऱ्हाईक हा.

"चाळीस लाख डॉलर मिळतात की त्याला" असं म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. पैसे मिळतात म्हणून रोज सकाळी आपली किंमत चव्हाट्यावर ऐकायची?

हे सगळं मी बाथरूममध्ये मोठ्याने बोलत होतो म्हणे. आई बाहेरून ओरडली, "कुणाची नोकरी चाललीय?" सांगितलं. ती म्हणाली, "त्याला निदान कुणीतरी मागतंय. तुला चार वर्षांत एक तरी कंपनी मागायला आली का?" यावर काय बोलणार? अप्रेझलमध्ये मलाही हेच ऐकवलंय, की मीटिंगमध्ये कॉन्फिडन्स कमी पडतो. मीही बोलताना मॅनेजरच्या तोंडाकडेच बघतो. उरलेली दाढी केली, तीही वाकडी.

नोटिफिकेशन बंद केली आहेत. ग्रुप म्यूट, एक वर्षासाठी. डेडलाईन आपल्याकडे ५ फेब्रुवारीच्या मध्यरात्री दीडला संपते, म्हणून ६ तारखेची रजा आत्ताच टाकून ठेवली. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, घरचं कार्य. मॅनेजरने विचारलंय, कुणाचं?