खुलासा : जंघास्थी म्हणजे मांडीचं हाड नव्हे

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'टिबिया म्हणजे जंघास्थी, म्हणजेच मांडीचं हाड. मूळ अर्थ बासरी.' यातला पहिला शब्द बरोबर आहे, पुढचा अर्थ चुकलाय.

गोंधळ 'जांघ' या शब्दाने झाला असावा. हिंदीत जांघ म्हणजे मांडी, आणि इकडे बऱ्हाणपूरची हिंदी कानावर असतेच. पण संस्कृतात जंघा म्हणजे गुडघा ते घोटा हा भाग, मांडीला ऊरु. म्हणून मांडीचं हाड ऊर्वस्थी, म्हणजे फीमर. टिबिया हे नडगीचं हाड. गुडघ्याच्या वाटीखालून बोट सरळ खाली न्या, कातडीखाली जी धार लागते ती टिबियाची. आतला घोटा हे त्याचंच टोक. बाहेरचा घोटा फिब्युला या बारीक हाडाचा.

बासरीचं अर्धं खरं. लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे नडगी आणि फुंकवाद्यही, पण ते जिभाळीचं, म्हणजे सनईच्या जवळचं. फिब्युला म्हणजे वस्त्र अडकवायची पिन.

एक्स-रेच्या रिपोर्टात 'टिबिया' दिसलं तर ते नडगीच्या हाडाबद्दल आहे असं समजा. जुना मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.