गाळ नेला की ३७,५०० रुपये? तसं नाही

‘तलावातला गाळ शेतात टाका, सरसकट ३७,५०० मिळवा’ हा मेसेज अर्धवट आहे. राज्य सरकारच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत ही अनुदानाची कमाल मर्यादा आहे. दर घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी जास्तीत जास्त १५,००० आणि तेही अडीच एकरांपर्यंतच. ट्रॉलीत एक ब्रास (१०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर) गाळ बसला, तर हिशेब जेमतेम शंभर रुपयांचा! अनुदान अल्प-अत्यल्पभूधारकांना, विधवा, अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांनाही. बाकीच्यांना गाळ फुकट, वाहतूक मात्र स्वखर्चाने. आणि गाळाच्या नावाखाली वाळू उचलायची म्हणाल, तर तिला या योजनेत बंदीच आहे. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.