ताटाकडे बघून बोलणं बंद करा

लग्नाच्या बुफेत एखाद्या जाड पोरीने दुसऱ्यांदा ताट वाढून घेतलं की कोणीतरी बोलतंच. "पुरे कर ना वं पोरी, जिभेवर ताबा ठेव जरा." बोलणारी मावशी प्रेमाने बोलते, हे मान्य. पण त्या पोरीचा चेहरा उतरतो, आणि मला फार राग येतो.

भूक आपण ठरवून लावून घेत नाही. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला खायला मागतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन निघतं, ते साठा किती उरलाय ते मेंदूला कळवतं. आता गंमत नाही, त्रास बघा: डाएट करून वजन उतरवलं की लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात वर्ष उलटल्यावरही लोकांची भूक वाढलेलीच होती. म्हणजे जिने निग्रहाने वजन कमी केलं, तिलाच आधीपेक्षा जास्त भूक सोसावी लागते. आणि आपण तिलाच निग्रह शिकवतो!

झोपेचंही तसंच. शिकागोत निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि लेप्टिन १८ टक्के घटलं. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून रात्रपाळी करून परतणारा माणूस सकाळी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी खातो, त्याला खादाड म्हणायच्या आधी तो किती झोपला ते विचारा.

हवामानही भूक हलवतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आपल्याकडे दुपारचं जेवण नकोसं होतं. अन्न पचवतानाही शरीरात उष्णता तयार होते, म्हणून ताक, पन्हं, आंबील यांवर दिवस निघतो. तेच घर डिसेंबरात वांग्याच्या भरतासोबत एक भाकर जास्तीची खातं. तेव्हा कोणी म्हणत नाही की डिसेंबरात अख्ख्या घराचा जिभेवरचा ताबा सुटला.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते आजूबाजूला मिळणारं अन्न. अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद धाटणीचं अन्न दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच. खायचं मात्र मन भरेपर्यंत. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं तीच होती, त्यांचा स्वभावही तोच. बदललं होतं फक्त ताटातलं अन्न.

म्हणून बोलायचंच असेल तर दुकानांबद्दल बोलूया. जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा केंद्राचा नियम २०२० चा आहे. सुट्टीच्या वेळी पोरांच्या शाळेच्या गेटवर उभं राहून बघा, चिप्सच्या लडी कुठे लटकल्यात ते. येत्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या पोरांच्या शाळेबाहेर काय परिस्थिती आहे, ते खाली लिहा, शाळेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.