आजीच्या काळी सोंडे नव्हते म्हणे!

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आत्याने रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर ‘जरूर वाचा’, खाली जोडलेले हात. त्याच आठवड्यात तो मला आणखी तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: तांदळात, गव्हात होणारे सोंडे आजीच्या काळी नव्हते, ते हायब्रिड बियाण्याबरोबर आले. पक्क्या झाकणाच्या डब्यातही ते होतात, म्हणजे दाण्यात आधीच काहीतरी घातलेलं असतं. त्यांची सोंड धान्य फोडायलाच बनवली आहे. हे किडे कोट्यवधी वर्षं जुने आहेत ही शास्त्रज्ञांची थाप, कारण किडा दगडात टिकत नाही. आणि डीएनएवरून वय काढणं म्हणजे कुंडली मांडणं.

आत्या, रागावू नकोस. मेसेज तुझा नाही, तू फक्त पुढे ढकललास. पण इतवारीतून आणलेले तांदळाचे कट्टे तू पन्नास वर्षं पाखडते आहेस. हा मेसेज लिहिणाऱ्याने सूप हातात धरलं असेल असं मला वाटत नाही.

डब्यापासून सुरू करतो, कारण तिथे मेसेज निम्मा खरा आहे. दाण्यात आधीच घातलेलं असतं, हे बरोबर. घालणारी कंपनी नव्हे, सोंड्याची मादी.

एक सोंडा बशीत घेऊन भिंगाखाली बघ. हात लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करेल, थोडा वेळ थांबावं लागेल. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग तांबूस काळा, पाठीवरच्या कठीण पंखांवर चार फिकट तांबूस ठिपके. ती सोंड हत्तीसारखी दिसते, पण ते नाक नाही. लांब ओढलेलं तोंडच आहे ते, आणि जबडे पार टोकाला. मिशा सोंडेच्या बाजूंना, कोपरातून हात वाकवावा तशा वाकलेल्या. मादी या जबड्यांनी दाण्याला भोक पाडते, वळून त्यात एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. बूच इतकं बेमालूम की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. धान्य तपासणारे लोक दाणे ॲसिड फुक्सिन नावाच्या रंगात बुडवतात, तेव्हा त्या बुचांच्या जागी इवल्या लाल टिकल्या उमटतात. आत बिनपायाची आळी दाणा पोखरत वाढते, तिथेच कोष करते आणि आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण महिन्याभरात सोंडा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे आज तुझ्या डब्यात ‘आपोआप’ निघालेल्या सोंड्याचं अंडं गोदामात किंवा दुकानात पडलेलं होतं. झाकण उशिरा लागलं, एवढंच.

आंब्याचंही तसंच. बाहेरून कुठे भोक नाही आणि कोय फोडली की आत काळा भुंगा. तोही सोंडकिडाच, म्हणजे सोंड्याच्याच कुळातला. फळ लहान असतानाच मादी सालीत अंडं घालते, आळी कोवळ्या कोयीत शिरते आणि फळ वाढता वाढता मागची जखम भरून येते.

आता हायब्रिड. इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. आजीच्या काळी सोंडे नव्हते, तर कणगीत कडुनिंबाचा पाला आणि राख कशाला घालायचे? तांदळाच्या सोंड्याला शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने नाव दिलं १७६३ साली. आयआर-८ हे गाजलेलं भाताचं वाण आलं १९६६ मध्ये, आणि ते तर हायब्रिडही नव्हतं. मधे दोनशे वर्षं गेली. त्याहून जुना पुरावा जपानातला आहे. तिथल्या जोमोन नावाच्या प्राचीन काळातल्या मातीच्या भांड्यांत सोंड्यांचे ठसे सापडले आहेत. ओल्या मातीत किडा मळला गेला, भांडं भाजलं गेलं, किडा जळून गेला आणि त्याचा साचा तेवढा राहिला. त्यातले सर्वांत जुने ठसे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा जपानात भातशेतीच नव्हती. लोक ओकची फळं आणि चेस्टनट साठवत होते, आणि सोंडे बहुधा त्यांवरच जगत होते.

एक मात्र मान्य करतो. काही वाणांचा दाणा मऊ असतो, तो लवकर किडतो. मक्याचं कणसावरचं वेष्टन सैल असलं तर शेतातच कीड लागते. पण वाण किडीला बळी पडणं वेगळं आणि वाणाने कीड जन्माला घालणं वेगळं.

‘किडा दगडात टिकत नाही’ हे वाक्य नागपुरात बसून फॉरवर्ड करणं म्हणजे कमालच. किडा मऊ असेल, पण भुंग्याच्या पाठीवरचे पंख म्हणजे कवच असतं, आणि सोंडकिडे हे भुंग्यांच्याच गणातले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच टाकळीच्या खडकांत जीवाश्म शोधत फिरायचे. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे तळ्याचा गाळ अडकून राहिला होता. त्यात शिंपले, बिया, पानं आणि भुंग्यांचे पंखही मिळाले. त्या कीटकांचं वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० साली छापलं. तो गाळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्या सुमाराचा. त्या पंखांतले सोंडकिड्यांचे किती, हा वेगळा प्रश्न. पण पंख टिकतात की नाही, याचं उत्तर टाकळीत मिळालेलं आहे.

खास सोंडकिड्यांचे जीवाश्म हवे असतील तर कझाकस्तानात कराताऊला जावं लागेल. तिथल्या पातळ पापुद्र्यांच्या खडकांत सुमारे साडेपंधरा ते सोळा कोटी वर्षांपूर्वीचे सोंडकिडे दबलेले आहेत, सोंडेसकट. त्यांचे जवळचे भाऊबंद आजही आहेत. त्यांच्या मिशा सरळ, कोपर नसलेल्या, आणि त्यांच्यातले बरेचसे पाईनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या नर शंकूंतले पराग खातात. म्यानमारच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या राळेत, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे सोंडकिडे मिशांसकट जसेच्या तसे आहेत. कराताऊच्या सोंड्यांच्या काळी गहू, तांदूळ तर सोडाच, गवतसुद्धा नव्हतं. सोंड धान्यासाठी बनली हा दावा तिथेच निकालात निघतो. झाडाच्या कठीण भागात भोक पाडून अंडं आत लपवायचं, हे सोंडेचं जुनं काम. आपण कोठारं भरली आणि त्यांना आयतं घर मिळालं.

सोंडेवर नैसर्गिक निवड कशी चालते हे आजही बघता येतं. जपानातला एक सोंडकिडा कॅमेलिया नावाच्या फुलझाडाच्या फळात अंडी घालतो. जिथे फळाची साल जाड, तिथल्या माद्यांची सोंड लांब. काही ठिकाणी तर अंगाहूनही लांब.

राहिली कुंडली. कुंडली जन्मवेळेवरून मांडतात. इथे जन्मवेळच शोधायची असते, त्यामुळे उपमाच उलटी आहे. काम असं चालतं: दोन जातींचं एकच जनुक शेजारी ठेवून किती अक्षरं बदलली ते मोजायचं. फरक जास्त, तर वाटा फुटून काळ जास्त लोटला. पण हे घड्याळ कितीने पुढे सरकतं हे ठरवायला जीवाश्म लागतात, आणि जीवाश्म फक्त ‘निदान एवढं जुनं’ एवढंच सांगतो. तुझ्या लग्नाचा फोटो १९७४चा असेल, तर तू त्याआधी जन्मलीस एवढंच मला कळतं, किती आधी ते नाही. म्हणून जनुकांच्या अभ्यासात एक आकडा नसतो, मागेपुढे सरकणारा पट्टा असतो. ही काही लपवाछपवी नाही, तो पट्टा निबंधातच छापलेला असतो.

२००९ साली कीटकशास्त्रज्ञ ड्युएन मॅकेना, ब्रायन फॅरेल आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक प्रजातींची जनुकं आणि काही नेमके जीवाश्म एकत्र मांडले. सोंडकिड्यांचा उगम निघाला सुमारे १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, कराताऊच्या दगडांपेक्षा थोडा आधी. असायला हवा तसाच. पण खरा भरभराटीचा काळ निघाला त्यानंतर पाच-सहा कोटी वर्षांनी, सपुष्प वनस्पती पसरू लागल्यावर. आज नावं दिलेल्या जाती साठ हजारांवर आहेत. पुढे २०१८ मध्ये पाचशेहून अधिक जनुकं घेऊन हा वंशवृक्ष पुन्हा तपासला गेला. काही फांद्या हलल्या, खोड तेच राहिलं.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो पुरावा सोंड्याच्या पोटातला. बऱ्याच सोंडकिड्यांच्या पेशींत एक जीवाणू दहा कोटींहून जास्त वर्षं मुक्काम करून आहे. कवच कडक आणि काळं व्हायला जो कच्चा माल लागतो, तो हा जीवाणू पुरवतो. तांदळाच्या सोंड्याच्या पूर्वजांनी मात्र हा जुना भाडेकरू काढून दुसरा ठेवला. नव्या जीवाणूच्या जनुकसंचात मोडकी, निकामी जनुकं अजून पडून आहेत, नव्या घरात न उघडलेली खोकी असतात तशी. त्या मोडतोडीवरून २०१४ साली हिशेब केला गेला: हा बदल फार तर २८ हजार वर्षांपूर्वीचा. सोंड्याचं कवच एकदा तयार झालं की तो या पाहुण्यांना आतड्यातून साफ करून टाकतो, हेही त्याच वर्षी दाखवलं गेलं. थाप मारायचीच तर इतकी किचकट कोण मारेल, बाप्पा!

आत्याचं उत्तर दुपारी आलं. तिने एवढंच विचारलं, ‘मग या कट्ट्याचं काय करू?’ उन्हात घाल. मोठे सोंडे उन्हाने चालते होतील, ते तुला माहीतच आहे. पण दाण्यातल्या आळ्या तिथेच राहतील, म्हणून तीनेक आठवड्यांनी पुन्हा एकदा घाल. आणि निवडलेले सोंडे गच्चीच्या कोपऱ्यात टाकू नकोस. तांदळाच्या सोंड्याला उडता येतं.